वाळूची कचकच

४ मार्च
आजही हिने तोंड फिरवलं. अर्धं सूप उशीवर, उरलेलं माझ्या सदऱ्यावर. अर्धांगाचा झटका आल्यापासून वाचा गेली आणि आता खाणंही. जन्मभर गॅरेजात बंद पडलेली इंजिनं सुरू केली – बायकोचं तोंड उघडता येत नाही!

५ मार्च
डॉक्टर म्हणाले, "आवडीचं काही देऊन बघा. नाहीतर सोमवारी नाकातून नळी घालू."
आवडीचं म्हणजे खडकावरचं हिरवं शेवाळ. कागदासारखी पातळ पानं. ओहोटीला जाऊन ही कात्रीने कापून आणायची. ताजं सुपात, वाळवून चुरा भातावर, उरलंसुरलं कोंबड्यांना. दाताखाली वाळूचा एक कण आला तरी वाटी ढकलायची – स्वतः केलेलं असलं तरी! मी आयतोबा. खडकापर्यंत कधी गेलोच नाही.

७ मार्च
काल गेलो. घसरलो. गुडघा फुटला. आणलेलं रात्रभर बादलीत भिजवलं, सकाळी नुसता लगदा. शेजारच्या वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भावोजी, नळाचं पाणी? ते समुद्राच्याच पाण्यात धुवायचं. एकेक पान उजेडाला धरून!"
एकेक पान! माझ्या चष्म्याला पान दिसलं तरी पुष्कळ.

८ मार्च
समुद्राच्या पाण्यात धुतलं. सूप केलं. हिने जिभेवर घोळवलं आणि थुंकली. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, आईला आता काही कळत नाही हो. का जिवाचे हाल करून घेता?"
तिच्यावर ओरडलो. मग मोरीत नळ सोडून रडलो.

९ मार्च
थुंकली.

१० मार्च
परत तेच. थुंकून माझ्याकडे रोखून बघत राहिली. "काय पाप केलं गं मी?" म्हणालो. कशातच राम राहिला नाही. स्वतःसाठी ताट वाढून घेतो आणि तसंच झाकून ठेवतो.

११ मार्च
खाल्लं!! अख्खी वाटी! एकदाही तोंड फिरवलं नाही. मुलीला फोन केला, वहिनींना कुंपणावरून ओरडून सांगितलं. नळी गेली खड्ड्यात!

१२ मार्च
आज भूक लागली. पातेल्यातलं कालचं सूप तोंडाला लावलं. पहिल्याच घोटाला कचकच. सगळी वाळू.
इतके दिवस ही मला तेच सांगत होती. काल नाही सांगितलं.