ब्रह्मचारी बुरशी

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पुढे माझ्या शोधाचा इतिहास लिहिणाऱ्यांची सोय होईल.
विषय: मक्यावरची काणी. या बुरशीत दोन जाती. एकेकट्या असल्या की खमिरासारख्या नुसत्या फुगतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोघी जुळल्या की धागे फुटतात आणि मक्यात घुसतात. मी एका जातीतला जुळवणारा जीनच उडवलाय. लग्नच नाही, तर संसाराचा ताप कुठून?

५ मार्च
दोन्ही जाती एका प्लेटवर सोडल्या. जुळल्या तर पांढरी लव येते. इनक्युबेटरचं दार नीट लागत नाही, प्लेटा सुकतात. किरकोळ.

८ मार्च
लव नाही. जिंकलो.
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, कंट्रोल कुठाय? जीन न उडवलेली जोडी शेजारी लावा, ती तरी जुळते का बघू. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने कंट्रोल लावावा. उद्या लावतो म्हणालो.

९ मार्च
लावणार होतो. प्लेटा संपल्या.

१२ मार्च
दोन्ही जातींचं कल्चर फ्लास्कभर उरलं. नियमाने वाफेत मारून टाकायचं, पण ऑटोक्लेव्हला रांग. घरी आणलं. बायको सहा हंगाम मक्याचं स्वतःचं वाण निवडतेय. डब्यातल्या बियांना किडे लागले म्हणून यंदा उरलंसुरलं सगळं परसात पेरून टाकलंय. रोपं वीतभर, जरा मलूल. पौष्टिक म्हणून फवारलं.
तिने विचारलं, मारून आणलंयस ना? म्हटलं, ब्रह्मचाऱ्याला काय मारायचं? तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? मी मान डोलावली.

१५ मार्च
पानांवर पिवळे पट्टे. पाणी जास्त होतंय, असं तिला सुनावलं. तिने कमी केलं.

१८ मार्च
जांभळे डाग. उन्हाचे असणार. तिने एकटीने सावलीचं कापड बांधलं. मी शोधनिबंधाचं शीर्षक ठरवत होतो.

२२ मार्च, सकाळी
खोडांवर वाटाण्याएवढ्या गाठी. काल नव्हत्या. तिने एक दाबून पाहिली आणि विचारलं, हे तुझ्या पुस्तकातलं तर नाही? शक्यच नाही म्हणालो. ती गेल्यावर पुस्तक उघडलं. चित्र जुनं आहे, नीट कळत नाही. पुस्तक कपाटाच्या वर ठेवलं.

२४ मार्च
मॅडमनी स्वतःच कंट्रोल लावला होता. तीही जोडी जुळली नाही. सुकलेल्या प्लेटवर कोणीच जुळत नाही, त्या म्हणाल्या, तुमच्या निकालाला काडीची किंमत नाही. मी म्हटलं, एकूण चित्र आशादायक आहे. घरी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. भीती वाटत होती.

२९ मार्च
गाठी फुटल्या. आत काळी भुकटी. वाळत घातलेल्या चादरींवर, खिडकीत, माझ्या चहात. एक रोप धड नाही. तिने सगळी उपटून पिशव्यांत भरली. रडली नाही. या मातीत पुन्हा मका कधी लावता येईल, एवढंच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर पक्कं ठाऊक होतं. भुकटी मातीत वर्षानुवर्षं तग धरते.
बघू, म्हणालो.

२ एप्रिल
मी नेऊन दिलेली गाठ मॅडमनी तपासली. जीन जागच्या जागी आहे, मी शेजारचाच तुकडा उडवला होता. इतकं झकास जुळलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. प्रयोग पुन्हा करायला त्यांना त्याच वाणाचं मूठभर बी हवंय.
घरी विचारून सांगतो म्हणालो.
अजून विचारलेलं नाही.