दोन हिरवे

धंतोली, नागपूर
ता. १८ एप्रिल १९५४

चि. पुष्पलतास अनेक आशीर्वाद.

तुझे व तुझ्या वडिलांचे, अशी दोन्ही पत्रे पोचली. माझी प्रकृती ठीक. ऊन मी म्हणते आहे. खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लावल्या.

तुझी खोली रंगवायला काढली आहे. मारोतराव रंगाऱ्याने भिंतीवर दोन हिरवे पट्टे ओढून ठेवलेत. एक पिस्त्यासारखा फिका, दुसरा कडुनिंबाच्या जून पानासारखा गडद. ओढता ओढता त्याने विचारलेच, "बाई, श्रावणदादा गेले. आता सूनबाईच्या खोलीले हिरवा काहून लावून राहिल्या?"

"भिंत बांगड्या भरत नाही, मारोतराव. पट्टा सरळ ओढा."

"मले काय जी! लोकं बोलतीन."

"लोकांनी आपापल्या खोल्या रंगवाव्यात."

फिका दुपारी चांगला. खिडक्या बंद असल्या तरी भिंतीपाशी बसून पुस्तक वाचता येते. गडद रंगाने त्या वेळी खोलीची विहीर होते. दिवे लागले की सगळे उलटते. फिका आजाऱ्याच्या तोंडासारखा पिवळा पडतो आणि गडदापाशी बोलत बसावेसे वाटते.

मी फिका ठरवला होता. जूनमध्ये कॉलेज उघडेल, तू उमरेडहून परत येशील, बी.ए. पुरे करशील, या हिशेबाने.

मग तुझ्या वडिलांचे पत्र आले. रुपराव मास्तरांचे स्थळ चांगले आहे, तुझ्याही मनात आहे. पण 'सासूबाई नको म्हणाल्या तर मी लग्नाला उभी राहणार नाही' असे तू म्हणतेस. तेव्हापासून मी नुसती पट्ट्यांकडे बघते आहे. मारोतराव दोनदा परत गेला. दुसऱ्यांदा पुटपुटला, "दोन्ही हिरवेच त आहेत." नाहीत.

एकटीने वाचायला फिका. सणावारी येऊन दिवेलागणीला गप्पा मारणाऱ्यांना गडद. उद्या गडद लागेल.

बी.ए. मात्र सुटता कामा नये. हे रुपरावांना लग्नाआधी सांग. नंतर पुरुषांना ऐकू येत नाही.

तुझ्या वडिलांना वेगळे लिहीत नाही, हेच वाचून दाखव. दिवाळसण माझ्याकडे होईल. तुझ्या आईने त्यावर वाद घालू नये. जावयासह चार दिवस राहायला ये. ती खोली दोघांना पुरते, हे मला ठाऊक आहे.

श्रावणची आई