बेनाविदेस विरुद्ध अर्जदार

१२ मार्च २०२४

अर्ज गेला. पोच आली – इरुपेनं स्वतः दोनदा वाचून दाखवली. मुदतीच्या चार तास आधी! इंग्रजी दैनिकात पस्तीस वर्षं बातम्या तपासल्या, चार तास आधी काही गेल्याचं आठवत नाही.

बुडवला मात्र मीच असता. इरुपे माझी बायको; तिच्या अर्जांची इंग्रजी मी घासूनपुसून देतो. या वेळी नियम कडक: अवकाशातल्या दुर्बिणीचा वेळ कोणाला द्यायचा ते मंडळ ठरवणार, पण अर्जदार कोण हे मंडळाला कळता कामा नये. म्हणून इरुपेनं स्वतःबद्दल परक्यासारखं लिहिलं होतं – ‘बेनाविदेस यांनी २००४ साली मोजलेला वेग शंकास्पद वाटतो.’ मला सहन होईना. मी ‘आमचं मोजमाप’ केलं. ‘शंकास्पद’ उडवलं.

ती ओरडलीच. “म्हाताऱ्या, तुझ्या एका ‘आमचं’पायी अख्खा अर्ज केरात जाईल!”

“आणि शंकास्पद?”

“ते आहेच.”

१३ मार्च

कडू पेयाचा, पोखरलेल्या भोपळ्याचा पेला आमच्या हातांत फिरत होता, तेव्हा तिनं सांगितलं. फुटलेल्या ताऱ्याचं कवच अजून पसरतंय. कडेला एक तेजस्वी गाठ आहे. तिचे क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण वर. चार वर्षांच्या अंतरानं घेतलेल्या दोन चित्रांवरून इरुपेनं गाठीचा वेग काढला, त्यावरून स्फोटाचं वय: हजार वर्षं. तेव्हापासून सगळे तेच सांगतात. विद्यार्थी तिला मागून ‘बाई हजार वर्षं’ म्हणतात.

“चार वर्षांत ती केसभर सरकते, आणि माझी चूकही केसभर असू शकते. आता वीस वर्षांनंतरचं चित्र हवं. पुढच्या वर्षी मी निवृत्त. माझा आकडा खोडायचाच असेल तर मीच खोडीन.”

तो आकडा मी लग्नांत, बारशांत, चक्क दंतवैद्याकडे सांगत आलोय.

१६ जुलै

मंजूर! दोन लाख सेकंद! स्वयंपाकघरात दोघं नाचलो. तिचा गुडघा, माझी कंबर – फार वेळ नाही.

२९ जुलै

मंडळाचा शेरा आला. वेळ दिलाय, पण कान उपटलेत: ‘अर्जदारांनी बेनाविदेस यांच्यावर अन्याय केला आहे. त्यांचं मोजमाप दोन दशकं टिकून आहे.’

इरुपे खुर्चीवरून पडायची बाकी होती. “माझी बाजू घेतायत रे! माझ्याविरुद्ध!”

आज २९, म्हणून दर महिन्यासारखी न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. बरकतीसाठी ताटाखाली नोट ठेवतात. तिच्या ताटाखाली मी तो शेरा ठेवला. माझा तर्क सोपा: मंडळसुद्धा म्हणतंय, आकडा बरोबर.

४ मे २०२५

चित्र उतरलं. आता मोजायचं. ती माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते.

२१ मे

सकाळी तादेओ आला. तिचा जुना विद्यार्थी. मोजणी त्यानं स्वतंत्रपणे केली, म्हणजे तिच्या आकड्याची छाया नको. मेदियालुनांची, म्हणजे चंद्रकोरीसारख्या गोड पावांची, पिशवी टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसला.

“बोल रे, कोण मेलं?” इरुपे म्हणाली.

“बाई... तुमची हजार वर्षं.”

गाठीचा वेग निम्मा निघाला. वय जवळपास दुप्पट. तिनं स्वतः मोजलं होतं तेही तेवढंच आलं – तीन दिवसांपूर्वीच! घरात कोणाला बोलली नाही, तादेओचं होईपर्यंत.

मी म्हणालो, “पण मंडळ तर म्हणत होतं...”

तिनं भोपळ्यात गरम पाणी ओतलं, नळीनं मोठा घोट ओढला. “मंडळ चुकलं. बेनाविदेस चुकली. अर्जदार बरोबर होते.”

मग तिनं एकटीनं तीन मेदियालुना खाल्ल्या.

२९ मे

न्योकी. आज माझ्या ताटाखाली घडी केलेला कागद. तिच्या नव्या लेखाची पहिली ओळ: ‘आमचं २००४ सालचं मोजमाप चुकीचं होतं.’

आमचं! आता चालतं म्हणे; लेखावर नाव असतं.

मंगळवारी नियतकालिकाकडे जाईल. तपासायला माझ्याकडे दिलाय. त्या ओळीला मी हात लावणार नाही.