हुंकाऱ्याचा बाक

होटगी, गुरुवार

परदेशातले हेडमास्तर शाळा बघायला येणार, तर अव्वा, आजच्या दिवस तू शाळेकडं फिरकू नकोस, असं मला सांगणारी तूच की नाही? आठ महिने दर शनिवारी वर्गातल्या त्या बाकावर बसत होते, तेव्हा आजीचं विटकं लुगडं तुला दिसलं नाही. पाहुण्यांच्या दिवशीच बरं दिसलं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

प्रिय भुवी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मीटिंगमध्ये आहे म्हणतेस आणि ठेवतेस. कागद मधेच ठेवता येत नाही, म्हणून हे पत्र. दुसरीपर्यंतची अक्षरं आहेत, वाकडी असली तरी वाच. मंजुनाथ सर उद्या सकाळी मंगळवेढ्याला परत निघतील, त्यांच्या हाती देते. व्हय, तुझ्याच शाळेचे मंजुनाथ सर. ते इथं माझ्या दारात कसे, ते सांगते. दम धर.

तू पहिलीत होतीस तेव्हा मी जोंधळे निवडायची आणि तू शेजारी बसून धडा वाचायचीस. मला वाचायला फारसं येत नव्हतं, ऐकायला मात्र येत होतं. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. तू समजून वाचलंस की मी हूं म्हणायची. पोपटासारखं वाचलंस की गप्प. मग तू पाय आपटत तेच वाक्य परत वाचायचीस. हेडबाई झाल्यावर तू ती रीत शाळेत नेलीस, वर्गात बाक टाकून गावातल्या तीन म्हाताऱ्या आणि चौथी मी अशा बसवल्यास. तुझं हे डोकं मला मान्य आहे. पण साहेबलोक येणार म्हटल्यावर तो बाक रिकामा ठेवलास आणि भिंतीवरचा टीव्ही तेवढा पुसलास.

त्या दिवशी पुढं काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे. चौथीची पोरं पाहुण्यांपुढं वाचायला उभी राहिली. एक वाक्य वाचायची, थांबायची आणि रिकाम्या बाकाकडं बघायची. हूं आल्याशिवाय पुढं जायची त्यांना सवयच नाही. तुला वाटलं पोरं घाबरली. केनियाहून आलेल्या त्या उंच वांबुईबाईला तसं वाटलं नाही. तू साहेबांना जेवायला वाढत होतीस, तेवढ्यात तिनं मंजुनाथ सरांना विचारलं, पोरं कुणाची वाट बघत होती? आणि सरांना घेऊन ती तडक मंगळवेढ्यातल्या आपल्या खोलीवर आली.

तीही तिकडं हेडबाईच, चारशे पोरांची. खुर्ची पुढं केली तरी फरशीवर बसली. सरांकडून बाकाची सगळी हकीकत ऐकली, मग पिशवीतून त्यांच्या शाळेचं पुस्तक काढलं आणि मला वाचून दाखवायला लागली. मला एक शब्द कळेना. पण माणूस मनापासून वाचतंय की नुसते ओठ हलवतंय, ते कळायला भाषा कशाला लागते? मी हूं म्हणत राहिले. मधेच तिनं मुद्दाम भराभर वाचलं. मी गप्प. तिनं मान वर करून बघितलं तर मी सुपात जोंधळे पाखडत होते. अशी हसली की शेजारची गिरिजाबाई काय झालं म्हणून धावत आली. हे मी तुला सांगितलं नाही. रागात होते. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली आणि होटगीला आपल्या घरी निघून आले.

आता आजचं ऐक. वांबुईबाईनं पाठवलेलं चित्रण मंजुनाथ सरांनी मोबाइलमध्ये दाखवलं. वांबुईबाईच्या शाळेत झाडाखाली बाक टाकलाय, त्यावर सहा म्हाताऱ्या, डोक्याला रंगीत फडकी, आणि पुढं एक पोरगी वाचतेय. आणि भुवी, त्या हुंकारा देतात. आपल्यासारखा हूं नाही, लांबलचक एऽऽ असा. कडेला बसलेली एक तर माझ्याहून खडूस, चार वाक्यं झाली तरी तोंड उघडेना. ती मला लई आवडली. अकरा वेळा बघितलं मी. चुलीवर दूध उतू गेलं, जाऊ दे म्हटलं. माझ्या सुपापाशी बसून गेलेल्या बाईनं समुद्रापलीकडं म्हाताऱ्या कामाला लावल्या. पाच देशांतले तुम्ही हेडमास्तर महिन्याला पडद्यावर एकमेकांशी बोलता, ते मला रिकामपणाचं वाटायचं. सर म्हणाले, पोरं वाचतात पण त्यांना कळत नाही, हे दुखणं तुमच्या पाचही देशांत सारखंच. मग औषध वाटून घेतलंत यात वावगं काय? तूही वांबुईबाईकडून घेतलंसच की. मास्तरांनी एकमेकांच्या वर्गात मागं बसून बघायचं, हे तिचंच. आधी मंजुनाथ सर किती रुसले होते. आता स्वतःच सांगत होते, त्यानं माझं शिकवणं सुधारलं म्हणून.

पण सर काही मोबाइल दाखवायला एवढ्या लांब आले नव्हते. त्यांना ओरडू नकोस, मीच खोदून विचारलं. डिसेंबरात तुम्ही सगळे हेडमास्तर वांबुईबाईच्या गावी जमणार, तिथं बाकाबद्दल बोलायला तुला बोलावलंय, आणि तू 'येत नाही' असं कळवायचं ठरवलंस. कारण काय, तर म्हातारी आजी आणि तिचा गुडघा. गुडघा माझा दुखतोय आणि लंगडतेस तू. खरी भीती इंग्रजीची, ती माझ्या गुडघ्यावर कशाला घालतेस? वांबुईबाईला मराठी येत नव्हती, म्हणून ती दारातनं परत गेली का? तू बोल. चुकलीस तर समोरचे गप्प बसतील, मग परत सांग, पहिलीत परत वाचायचीस तसं. कळवायची शेवटची तारीख शनिवार आहे म्हणे. शनिवारी सकाळच्या एस.टी.नं मी मंगळवेढ्याला येतेय. तू नसताना बाक मी सांभाळीन. मग पाहुणे येवोत नाहीतर न येवोत, मी उठायची नाही.

तुझीच, राग अजून न गेलेली,
अव्वा

उत्तर मला लिहू नकोस, मंजुनाथ सरांकडून तर अजिबात लिहून घेऊ नकोस. वांबुईबाईला 'येते' म्हणून तूच लिहायचं, आणि मी एस.टी.तून उतरायच्या आत.