न रडणारी नात

मारेगाव तालुका,
ता. ४ डिसेंबर, सकाळ

ती. लीलाताईस, धाकट्या रामरावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून आमच्या पोराकडून, रजतकडून, फोटो पाठवतो आहे. आपली सुरभी बाळंत होऊन आज सात दिवस झाले. नात अशी गुणी की विचारू नकोस. पहिले पाच दिवस तिने घर डोक्यावर घेतलं, पण कालपासून रडणं म्हणून नाही. दूधसुद्धा उठवून पाजावं लागतं, तेही दोन घोट घेऊन झोपते. तुझी भावजय नंदा म्हणते, आजोबांचं वळण लागलं.

या आनंदावर विरजण घालायला तांड्यावरची रंजिता आली आहे. सरकारी आशा सेविका म्हणून गावभर फिरते. शिक्षण किती ते देव जाणे, पण थाट मोठ्या डॉक्टरचा. आल्या आल्या साबण मागितला, झोळीत घालून पोरीला तोललं, मग घड्याळात बघत तिचे श्वास मोजत बसली. म्हणे पाय गार आहेत, श्वास जलद आहे, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या. थंडीत पाय गार नसतील तर काय असतील? आमच्या घरात पोरं वाढवायची अक्कल तांड्यावरून आणावी लागत नाही, असं मी तिला ऐकवलं. तरी अंगणात उभीच आहे. तू तीस वर्षं दवाखान्यात बाळं सांभाळलीस. दोन ओळी लिही, म्हणजे तिला दाखवून वाटेला लावतो.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा रामराव

पुसद,
ता. ४ डिसेंबर, साडेदहा

चि. रामरावास, आशीर्वाद. आधी त्या तान्ह्या पोरीला, उरले तर तुला.

दोन ओळी मागितल्यास ना? घे. १०८ ला फोन कर. बाळाला यवतमाळला ने. बाकीचं गाडीची वाट बघताना वाच.

बोंबलणाऱ्या बाळाची मला कधी भीती वाटली नाही. दूध सोडून गप्प पडलेल्या बाळाकडे मात्र मी धावत जायचे. असं सात दिवसांचं बाळ गुणी नसतं रे, ते आजारी असतं. मिनिटाला साठच्या वर श्वास गेले की अंगात जंतू पसरल्याची शंका घ्यायची, म्हणून रंजिताने ते मोजले. एवढ्या लहान जिवाला ताप येतोच असं नाही, ते गारही पडतं. हे ती शिकली आहे. तू काय शिकलास? कोठ्यातल्या बैलाने एका वेळची सरकीची ढेप न खाता ठेवली तर जनावरांच्या डॉक्टरला तू जेवणावरून उठवून आणतोस, आणि नातीने दूध सोडलं तर कौतुकाचं पत्र लिहितोस. तुझी कीव येते मला.

बाळाला उघडं करून सुरभीच्या छातीशी धरा, वरून गोधडी घाला. गुटी नको, मध नको. रंजिताला गाडीत बसव. तू मागे राहिलास तरी कोणाचं अडणार नाही.

माया आहे म्हणूनच बोलते आहे.
लीला

यवतमाळ, दवाखाना,
ता. १३ डिसेंबर

ती. आत्यास, सुरभीचा सा. न.

बाबांनी तुला काय कळवलं असेल कोण जाणे, म्हणून मीच लिहिते. तुझं पत्र आलं तेव्हा मी घरात नव्हते. बाबा खाटेवर बसून रंजिताची नालस्ती लिहीत होते, तेवढ्यात तिने गाडी बोलावली होती. मी निघाले तर बाबा दारात आडवे झाले. म्हणाले, आमच्याकडे बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. रंजिता त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "ताई, पोरीले पदराखाली घे अन् चाल." मी बाबांचा हात झटकून चालू लागले.

इथे पोचलो तेव्हा बाळाचे ओठ निळे पडले होते, रक्तातली साखर पार उतरली होती. रक्तात जंतुसंसर्ग निघाला. एवढ्याशा पाठीत सुई घालून कण्यातलं पाणी तपासलं, तेव्हा मी बाहेर भिंतीला धरून उभी होते. संसर्ग मेंदूपर्यंत गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आता ऑक्सिजन काढला आहे. इंजेक्शनं अजून चालू आहेत.

बाबा रोज डबा घेऊन येतात आणि बाहेरच्या बाकावर बसून लोकांना सांगतात, आम्ही पोरीला वेळेवर आणलं. आम्ही! मला त्यांची लाज वाटते, आत्या. मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही.

तुझा हात मात्र डोक्यावर असू दे.
सुरभी

मारेगाव तालुका,
ता. २० डिसेंबर

ती. लीलाताईस, रामरावाचा शि. सा. न. वि. वि.

काल सुट्टी मिळाली, नात घरी आली. आल्यावर सुरभीने रजतकरवी मला निरोप दिला की रंजिताला मी स्वतः जाऊन बोलवावं, नाही तर ती उद्याच सासरी निघून जाईल. गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तांड्यावर गेलो. रंजिता म्हणाली, बोलवायची गरज नव्हती, ती उद्या येणारच होती. मी माफीचे चार शब्द जुळवत होतो, तर तिने माझ्या कानाशी येऊन मोठ्याने एवढंच विचारलं की बाळ दिवसातून किती वेळा पितं.

मला माहीत नव्हतं, ताई. सोळा दिवस बाकावर बसून लोकांना अक्कल शिकवली, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग घरी जाऊन पुसून या, काकाजी."

तसाच परत आलो आणि सुरभीला विचारलं. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. दहा वेळा, म्हणाली, आणि प्रत्येक वेळी रडून मागते.

तेवढं सांगायला मी पुन्हा तांड्यावर गेलो.

तुझी बोलणी खायला तयार असलेला,
रामराव