लाल चिंध्यांची वाट

३ जानेवारी

पोचले. बसमधून उतरले तेव्हा उणे एकोणीस होतं. आमच्या सस्कॅचवानच्या माळावर याला कुणी थंडी म्हणणार नाही, पण तिथे वारा अंगावर येतो म्हणून माणूस टोपी घालतो. इथे चारी बाजूंनी डोंगर, वारा नाही, त्यामुळे माणूस फसतो. मी फसले. उजव्या कानाची पाळी अजून ठणकतेय.

नोकरी मार्चअखेरपर्यंत पक्की. रोज दहा वाजता आठ पाहुणे घेऊन स्पिंडल ओढ्याच्या गोठलेल्या घळीत उतरायचं, तीन धबधबे दाखवायचे, थर्मासमधलं गरम चॉकलेट पाजायचं आणि आठच्या आठ वर आणायचे. बर्फाची नोंद करायला पाण्याने न भिजणाऱ्या पिवळ्या वह्या मिळाल्या. त्यातली एक मी रोजनिशीसाठी ढापली.

बाबांना फोन केला. अभिनंदन वगैरे त्यांच्या कोशात नाही. धान्यकोठारातली नोकरी चार महिने, बेकरी सात, शाळेची बस एक हिवाळा, असा माझा सगळा इतिहास वाचून झाला. मग म्हणाले, ल्यूबा, तुझं बूड एका जागी टिकत नाही, आता बर्फावर तर ते घसरणारच. आणि वर, पंचवीस तारखेला मी स्वतः येऊन बघतो. जन्मात डोंगर न पाहिलेला सत्तर वर्षांचा माणूस चौदा तास बसने माझी परीक्षा घ्यायला येणार. मला राग आला आणि बरंही वाटलं. या खेपेला टिकायचंच.

५ जानेवारी

शिकवायला ग्लेनिस आहे. वीस हिवाळे गाईड होती, गुडघा गेला तेव्हापासून वरच्या खोपटात पाहुण्यांच्या बुटांवर खिळ्यांचे पट्टे चढवते. जिभेला मात्र काही झालेलं नाही. मला पहिल्यांदा चालताना बघून म्हणाली, पोरी, तू बर्फावर चालतेयस की बर्फाची माफी मागतेयस?

काम असं. सकाळी आठला गाईडने एकट्याने उतरायचं. हलक्या पहारीने दर पावलाला बर्फ ठोकायचा. ठक वाजलं तर भरीव. डब वाजलं तर पोकळ. हिवाळा सरकतो तसं खालचं पाणी उतरत जातं आणि वर बर्फ नुसता माळ्यासारखा अधांतरी राहतो. दिसायला दोन्ही सारखेच. भरीव जागेवर दर दहा पावलांना लाल चिंधी बांधलेली बांबूची काठी रोवायची, एकूण चोवीस. पाहुणे चिंध्यांच्या वाटेनेच चालतात. संध्याकाळी काठ्या उपटून वर आणायच्या, कारण कालची वाट आजची नसते. नोंदवहीत सही करून लिहायचं, ठोकून पाहिलं.

ग्लेनिस म्हणते, बर्फ खोटं बोलत नाही, गाईड बोलतात. मला लवकर उठायचा तेवढा कंटाळा आहे, बाकी सगळं आवडलं.

७ जानेवारी

आज वाट माझी. आठला रोवून आले, दहाला पाहुणे घेऊन उतरले. विनिपेगचं एक जोडपं होतं. नवरा सारखा बायकोला पुढे ढकलून फोटो काढत होता. ती म्हणाली, विम्याचे कागद घरी नीट ठेवलेत ना तेवढं सांग. सगळे हसले.

दुसऱ्या धबधब्याला पडदा म्हणतात. तिथल्या काठ्या मी रोवल्या तिथे नव्हत्या. हातभर डावीकडे, कड्याकडे सरकलेल्या. नव्या गाईडची गंमत करतात, मला ठाऊक आहे. वर आल्यावर ग्लेनिसला तसं सुनावलं. ती म्हणाली, माझा गुडघा खोपटाच्या तीन पायऱ्या उतरत नाही आणि मी तुझ्या काठ्यांसाठी घळीत जाऊ?

९ जानेवारी

पुन्हा. सात काठ्या, सगळ्या डावीकडे. बरोब्बर दहा पावलांवर, माझ्याहून सरळ. आठ ते दहा या वेळात भुरभुर बर्फ पडला होता आणि त्यावर कुणाचंही पाऊल नव्हतं.

पाहुण्यांना थांबवून दोन्ही वाटा ठोकल्या. सरकवलेली वाट ठक. माझी डब. सकाळी मी तिथे ठक ऐकलं होतं, निदान ऐकल्यासारखं वाटलं होतं. सगळ्यांना डावीकडून नेलं.

१० जानेवारी

रात्रीतून पडद्यापाशी स्वयंपाकघराएवढा बर्फ खाली कोसळला. बरोबर माझ्या वाटेवरचा. भोकातून काळोख दिसतो आणि फार खालून पाण्याचा आवाज येतो. काल तिथून आठ माणसं गेली असती.

ग्लेनिसला सगळं सांगितलं. या वेळी तिने टोमणा मारला नाही. कॉफी ओतली आणि आयव्हरचं सांगितलं. अकरा हिवाळे इथे गाईड होता, वाटा आखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. दोन वर्षांपूर्वी ऊबदार वारा सुटला होता, त्या दिवशी त्याने आपल्या आठ पाहुण्यांना पडद्यापाशी उभं केलं, ठोकत एकटा पुढे गेला आणि बर्फाने त्याला घेतलं. आठ जणांनी चाळीस मिनिटं हाका मारल्या. मग त्याच्याच काठ्यांच्या वाटेने परत फिरले. तिथे पाणी खडकाच्या पोटात शिरतं आणि खालच्या खोऱ्यात वर येतं. आयव्हर वर आला नाही. ग्लेनिस म्हणाली, त्या आठांचं काही चुकलं नाही. पण मला सारखं वाटतं, तो खाली जिवंत असेल, तर त्याला त्यांचे जाणारे पाय ऐकू आले असतील.

मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, वाट कुणीही आखो, ठोकायचं आपल्या हाताने. दुसऱ्याच्या ताटातलं खाऊन माणूस जगतो, दुसऱ्याच्या ठोक्यावर नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली नाही. माझ्यापुढे कुणीतरी जाणता माणूस चालतोय असं वाटलं. आमच्या घरात असं कधी वाटलं नव्हतं.

१४ जानेवारी

आता आठला उतरते तेव्हा काठ्या आधीच रोवलेल्या असतात. माझी चोवीसची मोळी माझ्या पाठीवरच असते. या काठ्या जुन्या आहेत, चिंध्या विटून गुलाबी झालेल्या. सलग तीन दिवस एकेक पाऊल ठोकलं. सगळं ठक. मोळी परत वर नेते, लापशी खाते, अंघोळीलासुद्धा वेळ मिळतो.

संध्याकाळी त्या काठ्या उपटायला जावं तर तिथे काही नसतं.

१७ जानेवारी

आज आठला उतरलेच नाही. पांघरुणात पडून राहिले. वहीत लिहिलं, ठोकून पाहिलं, भरीव. पाहुणे उतरले, हसले, वर आले. काही झालं नाही.

ग्लेनिसने पहारीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि कोरडं आहे म्हणाली. मी म्हटलं, पुसलं. तिने पहार भिंतीला टेकवून ठेवली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

काठ्या मोजल्या. एकतीस.

वाट आता पडद्यापाशी संपत नाही. पडद्याच्या मागे जाते, घळ जिथे दोन हातांएवढी अरुंद होते तिथे. तिथे आम्ही कधीच जात नाही. पाहुणे मात्र खूश झाले, आत निळा उजेड आहे. मी परत फिरा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण सगळे माझ्याकडे किती कौतुकाने बघत होते.

वळणापलीकडून ठोकण्याचा आवाज येत होता. ठक, ठक, दमाने, कामाला लागलेल्या माणसासारखा. एका बाईंनी विचारलं, पुढे दुसरा गट आहे का. मी हो म्हणाले.

२१ जानेवारी

काल रात्री ठरवलं, पुरे. आठला उतरले. स्वतः ठोकलं. ठक. पुढून उत्तर आलं, ठक. मी थांबले, तो थांबला. मग मी न ठोकता त्याने ठोकलं, आणि ते जवळ होतं—

तरी जुन्या वाटेवर माझ्या चोवीस काठ्या रोवल्या. दहाला खोपटाच्या दारात त्याच चोवीस काठ्यांची मोळी पडलेली, दोरीने नीट बांधून. ग्लेनिस विचारत होती, इथे कशाला टाकल्यास, कुणी अडखळेल ना.

पाहुण्यांना पहिल्या धबधब्यावरूनच परत आणलं. माझं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

२२ जानेवारी

बाबांना फोन केला. येऊ नका, हवा बिघडतेय. ते हसले. म्हणाले, सुटलं ना बूड? तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत.

मी म्हटलं, या.

हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

२४ जानेवारी

सकाळी उणे एकवीस. दहाला चिनूक, डोंगरावरून उतरणारा तो ऊबदार वारा, सुटला, दुपारी अधिक सहा. छपरं गळतात. घळीतून दिवसभर कुरकुर ऐकू येते. ग्लेनिसने आजची फेरी बंद केली. उद्याचं म्हणाली, तू स्वतः ठोक, मग सांग. तू हो म्हणालीस तरच मी पट्टे चढवीन.

बाबा एक दिवस आधीच आले. खसखस भरून गुंडाळलेला गोड पाव आणलाय, आईच्या हातचा. ग्लेनिसशी हात मिळवून म्हणाले, ही एका जागी एकवीस दिवस राहिली हे बघायलाच आलो. ग्लेनिस म्हणाली, पोरगी कामाची आहे. बाबांनी जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं.

वारा पडलाय. पुन्हा गोठतंय. वरचा थर गोठतो आधी. खालचं काय ते—

२५ जानेवारी, सकाळ

आठला घळीच्या पायऱ्यांपर्यंत गेले. पहार हातात.

खालून आवाज येत होता. ठक. ठक. ठक. लांबवर, सगळीकडे ठक. एकदाही डब नाही.

पहिल्या पायरीवर उभी राहून ऐकलं. वीस मिनिटं. उतरले नाही. धजलेच नाही.

पहारीचं टोक बर्फात बुडवून ओलं केलं. वर आले. ग्लेनिसला हो म्हटलं. वहीत लिहिलं. सही केली.

बाबा धरून आठ जण.

२५ जानेवारी, पावणेबारा

पडद्याच्या मागे आहोत, गुलाबी चिंध्यांच्या वाटेने आलो. सगळ्यांना जागच्या जागी उभं केलंय. हलू नका म्हटलंय, फोटोची जागा आहे म्हटलंय.

मी ठोकलं. आत्ता, पहिल्यांदा. डब. डावीकडे डब. मागे डब.

मागच्या काठ्या नाहीत. आत्ता होत्या. नुसती आमची पावलं, आणि पावलांत पाणी चढतंय.

रेडिओ खरखरतो फक्त. घळीत लागत नाही.

पुढच्या काठ्या आहेत. पाच. सहा. मघाशी पाचच—

वळणावर माणूस उभा आहे. पाठमोरा. हात वर करून या म्हणतोय. मला एकटीलाच दिसतोय असं वाटलं होतं. पण बाबा म्हणाले, तो तुमचाच ना, उभं राहणं बघ त्याचं, वाट माहीत असलेला माणूस.

आठ आहेत. आयव्हरचेही आठच होते.

बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ल्यूबा, तू सकाळी ठोकून बघितलंस ना?

सात तोंडं माझ्याकडे. मी हो म्हणाले.

तोंडातून तेच निघालं. देवा, तेच निघालं. आता तोंड उघडत नाही, पेन्सिल तेवढी चालते.

बाबा हसले. बाकीच्यांना म्हणाले, माझ्या मुलीने बघितलंय, मग थांबलोय कशाला. असं त्यांनी कधी— कुणापुढे कधी—

चालायला लागले. बाकीचे त्यांच्या मागे. वळणावरचा आता आमच्याकडे तोंड करून—

खरं सांगायचं. सगळ्यांसमोर. आत्ता. बाबा अजून तिसऱ्याच काठीपाशी आहेत, अजून हाक पोचेल, फक्त नाही म्हणायचं, मी उतरले नव्हते, मी—