पदर, वारा आणि उजवी दांडी

२ नोव्हेंबर
गटाची बैठक. आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मंजूर झाला. अट एकच, गटातल्या एकीनं पायलटचं सर्टिफिकेट काढायचं. दहावी पास पाहिजे. अध्यक्ष सुमनबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी माझ्याकडे. दहावी झालेली मी एकटीच निघाले. वीस वर्षं डब्यात पडलेली मार्कलिस्ट आज कामाला आली, तीही कडेनं वाळवीनं चाटलेली.
घरी यांना सांगितलं. खूश झाले. यांची दहावी गणितात राहिली, नाहीतर स्वतःच पळाले असते. म्हणाले, "तू फक्त कागद लई ये. उडावानं मी देखी लिसू."
मलाही ते बरोबरच वाटलं.

५ नोव्हें.
ही वही मुलीच्या जुन्या दप्तरातली, अर्धी कोरी. ठरवलंय, जे कळत नाही ते लिहून ठेवायचं. पुढे 'प्र.' लावायचा.
प्र. — चार पंखे एकाच बाजूला फिरत असतील तर ड्रोन स्वतःच गरगरणार नाही का?
प्र. — केळीचं बन वरून कसं दिसतं? अठरा वर्षं त्याच्या खालून चालतेय.

१० नोव्हें.
शहादा स्टँडवरून सकाळची गाडी. हे सोडायला आले होते, पिशवीत दशम्या, लसणाची चटणी. ट्रेनिंगचं केंद्र जळगावच्याही पुढे, माळावर. आम्ही नऊ जण, बाया दोनच. दुसरी एस्तर, नवापूरकडच्या डोंगरातली. घरी त्यांची आदिवासी कोकणी बोलते, माझ्याशी मराठी, फोनवर भावाशी गुजराती. वयानं माझ्याहून बरीच लहान, पण पहिल्याच दिवशी मला नावानं हाक मारली. बरं वाटलं. मला माझ्या नावानं हाक मारणारं फारसं कोणी उरलं नाही.
शिकवायला मॅडम आहेत. पहिलं वाक्य, "साडी नको, बूट हवे, डोक्यावर टोपी." पंजाबी ड्रेस आणला होता ते बरं झालं.

११ नोव्हें.
पहिल्या प्र.चं उत्तर मिळालं. दोन पंखे या बाजूला फिरतात, दोन त्या बाजूला. एकमेकांना धरून ठेवतात. संसारासारखं म्हणावं तर आमच्या घरात चारही एकाच बाजूला!
नकाशात आभाळालाही रंग असतात. हिरवं आभाळ म्हणजे उडवा, पिवळं म्हणजे विचारा, लाल म्हणजे नाव काढू नका. आमच्या गावावरचं आभाळ हिरवं निघालं. उगाच अभिमान वाटला, जसं काही मीच रंगवलं.
नियम पाठ: ड्रोन डोळ्यांसमोरून हलू द्यायचा नाही. पडद्यावर नाही, खराखुरा, डोळ्यांनी बघायचा.

१२ नोव्हें.
आज रिमोट हातात. दोन दांड्या. डावी वर-खाली आणि गोल फिरवायला, उजवी पुढं-मागं, डावं-उजवं. अंगठ्यांखाली इतकं नाजूक की पापडाची लाटी.
मॅडमनी एक गोष्ट तीनदा घोकून घेतली. गोंधळ झाला तर दोन्ही दांड्या सोडा. ड्रोन जागच्या जागी उभा राहतो. दोन्ही.
प्र. — हातात काहीच नसताना तो उभा कशाच्या जोरावर? (मॅडम: उपग्रह. आज चौदा मोजले त्यानं. भर दिवसा आभाळात चौदा, आणि मला एकही दिसला नाही.)

१४ नोव्हें.
फजिती. ड्रोनची पाठ माझ्याकडे असते तोवर ठीक. तोंड माझ्याकडे केलं की सगळं उलटं. मी उजवीकडे ढकलते, तो डावीकडे जातो. आठाचा आकडा काढायचा तर माझा नुसता भोपळा झाला. एक मुलगा हसला. मॅडम म्हणाल्या, असंच राहिलं तर परीक्षेला बसवता येणार नाही.
घरी काय सांगायचं? कागदसुद्धा आणला नाही?
संध्याकाळी व्हरांड्यात एस्तरला समोर उभं केलं आणि फुगडी घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही अशाच घालतो. समोरचीचा उजवा हात माझ्या डावीकडे, ते फुगडीत कधी शिकावं लागत नाही, अंगाला माहीत असतं. एस्तरला फुगडी ठाऊक नव्हती, त्यांच्याकडे ओळीत हात गुंफून नाचतात. चक्कर येऊन दोघी पडलो. पण डोक्यात काहीतरी बसलं. समोर मशीन नाही, समोर एक बाई आहे असं धरायचं.

१५ नोव्हें.
आठ जमला. चारदा. एस्तर म्हणते, तुझ्या ड्रोनला झिम्मा पण शिकव.

१६ नोव्हें.
परीक्षा. लेखी बरी गेली. मग मैदान. चौकोन, गोल, आठ, मग परीक्षकांनी मध्येच सांगितलं, समजा समोर पक्षी आला. मी दोन्ही दांड्या सोडल्या. उभा राहिला. ते म्हणाले, "घाबरलात नाही." घाबरले होते, पण ते अंगठ्यांना कळू दिलं नाही.
दोघी पास.
खरं लिहायचं तर बसमध्ये रडले. आनंदानं नाही. हा रिमोट आता यांच्या हातात जाणार म्हणून. दोन आठवड्यांपूर्वी तेच बरोबर वाटत होतं मला.

३० नोव्हें.
सर्टिफिकेट मोबाईलवर आलं. माझं पूर्ण नाव, नंबर, फोटो. यांनी रंगीत प्रिंट काढून आणली, देवघराशेजारी लावली. लावताना खिळा स्वतः ठोकला. मनानं वाईट नाहीत.

८ डिसें.
ड्रोन आला. सुमनबाईंच्या ओट्यावर पेटी उघडली, हळदकुंकू, नारळ. नारळ त्याच्यावरच फोडायला निघाल्या होत्या, मी हात धरला.

१४ डिसें.
गायरानात सराव. गावात साडीच, म्हणून पदर कमरेला खोचते, टोपी घालते. तिथं बायाच असतात, लाजायचं कोणाला.
वारा ओळखायला नवं साधन सापडलं. साखर कारखान्याचं धुराडं. धूर सरळ वर तर उडव, आडवा झाला तर पेटी बंद. इतकी वर्षं तो धूर नुसता वाळत घातलेल्या कपड्यांचा दुष्मन होता.

२१ डिसें.
आज हे आले गायरानात. "दे जरा." मी म्हटलं, नियमात बसत नाही. "दोन मिनिटं." दिला. चुकलंच माझं.
चांगला उडवला. पहिल्याच वेळी. लिहायला जड जातंय पण खोटं कशाला लिहू. बायासुद्धा म्हणाल्या, हात बसलेला आहे. हे हसत म्हणाले, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला काय अवघड.
रिमोट परत घेताना माझा हात थोडा जोरात लागला त्यांच्या हाताला.

२ जाने.
गावापुढे पहिला प्रयोग ठरला, परवा. शेत दिलं दादांनी, म्हणजे माझ्या जेठांनी, यांच्या थोरल्या भावानं. हरभरा, नदीकडचा. टाकीत नुसतं पाणी. कोणी शेत द्यायला तयार नव्हतं, त्यांनी आपण होऊन दिलं. मला नाही सांगितलं, यांना सांगितलं. अठरा वर्षांत दादा माझ्याशी आणि मी त्यांच्याशी सरळ बोललेलो नाही. रीतच आहे. ते घरात यायच्या आधी अंगणात खाकरतात, तेवढ्यात आम्ही बाया पदर घेतो. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचं खाकरणं जास्त ओळखीचं.

४ जाने.
धूर सरळ. वारा नाही.
सगळं नीट चाललं होतं. मधला तुकडा ड्रोननं आपोआप केला. कडेचा, बांधावरच्या कडुनिंबाजवळचा, हातानं करायचा होता. ड्रोनचं तोंड निंबाकडे.
मग काय झालं ते... निंबात गेला. काड्या, पानं, पंखे फुटल्याचा आवाज. खाली हरभऱ्यात उलटा पडला, माशीसारखा. कोणाला लागलं नाही.
मी म्हटलं, वारा आला.
सगळे म्हणाले, हो, वारा आला असेल. सुमनबाई धुराड्याकडे बघत होत्या. हे पेटी आवरताना हळूच म्हणाले, पुढच्या वेळी मी धरतो, तू बाजूला उभी राहा. मायेनं म्हणाले. तेच जास्त लागलं.

५ जाने.
दोन पंखे गेले, बाकी शाबूत. पेटीत जादाचे होते, बसवले.
उड्डाणाच्या नोंदवहीत रकाना आहे: अपघाताचं कारण. पेन घेऊन बसले. 'वारा' लिहायला गेले, पण रिमोटमध्ये वाऱ्याची नोंद असते. पाहिली. वारा जवळजवळ शून्य.
प्र. — मग कारण काय?

६ जाने.
दुपारी घरी कोणी नव्हतं. रिमोट बंद ठेवून मागच्या अंगणात उभी राहिले आणि परवाचं सगळं पुन्हा केलं. तीच साडी, पदर तसाच खोचलेला. उजवी दांडी पुढे. निंब जवळ येतोय. मागून मोटारसायकल थांबते. मग...
मग दादा खाकरतात!
माझा डावा हात रिमोटवरून आपोआप सुटला. कमरेचा पदर ओढायला लागला. तो घट्ट खोचलेला, निघेना. मान खाली, डोळे जमिनीवर. आणि उजवा अंगठा तसाच पुढे दाबलेला.
दोन्ही दांड्या सोडल्या असत्या तर तो उभा राहिला असता. मी एकच सोडली.
हसू आलं आधी. कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सून पदर घेते याच्याकडे कोण बघतं? माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं.
मग हसू गेलं. हे सांगायचं कसं? सांगितलं तर अर्थ निघणार की दादांमुळे ड्रोन पडला. नाही सांगितलं तर बाईच्या हाताला जमत नाही, इतकंच गावात राहणार.

७ जाने.
एस्तरला फोन. पोट धरून हसली. तिच्या घरी जेठासमोर पदर नाही, तिचा त्रास वेगळा, डोंगर उताराचा. ड्रोनला वाटतं जमीन सपाट आहे. म्हणाली, पिना लाव, पदर डोक्यावरच पक्का करून उडव. लावून पाहिलं. मुलीला खाकरायला सांगितलं. पिना होत्या तरी हात गेलाच. मान गेलीच. पिना पदराला लागतात, मानेला लागत नाहीत.

९ जाने.
गटाची बैठक परवा ठरली. विषय एकच, रिमोट कोणाकडे. सुमनबाई दारात येऊन सांगून गेल्या. त्यांचा कल यांच्याकडे दिसला. मी विचारलं, सर्टिफिकेट कोणाचं? त्या म्हणाल्या, कागद तुन्हाच राही ना.

१० जाने. सकाळ
सांगितलं.
दादा ओट्यावर चहा घेत होते, हे शेजारी. मी दाराच्या आत, पदर घेऊन. यांच्याकडे बघून, पण दादांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दादासले सांगा, त्या दिन वारा नव्हता. दादा खाकरनात, मन्हा हात पदरवर गया. चूक मन्ही शे."
हे माझ्याकडे पाहतच राहिले. दादांनी बशी खाली ठेवली. 
मग दादा यांनाच म्हणाले, "तिले इचार, मंग मी मन्हा वावरमा येवूच नको का?"
ते उठून गेले. रागावले का तेही कळलं नाही. हेही जाताना नोंदवही माझ्यापुढे सरकवून गेले. लिहिलं: पायलटचा डावा हात सुटला. नजर हटली.

१० जाने. संध्याकाळ
दुपारी दादांचा निरोप यांच्याकडून, हरभऱ्याची कड राहिली आहे, ती आजच करून घ्या.
गेलो. हे, मी, सुमनबाई. धूर सरळ. पदर खोचला, टोपी घातली. यांनी रिमोटला हात लावला नाही, पाण्याची कॅन आणून ठेवली आणि मागे सरकले.
तोच निंब. उजवी दांडी पुढे. मागे मोटारसायकल थांबली. ओळखीचा आवाज. आता खाकरणार, आता. दोन्ही अंगठे तयार ठेवले, दोन्ही सोडायचे.
काहीच नाही.
ड्रोन निंबापासून वळवला, कड पूर्ण केली, परत आणला, उतरवला. पंखे थांबले. तेव्हा मागे वळले.
दादा बांधावर आमच्याकडे पाठ करून उभे. तोंडावर उपरण्याचा बोळा दाबलेला, मान लाल. पंखे थांबल्याचं कळलं तसा बोळा काढला आणि असे खाकरले, असे खाकरले की निंबावरचे पोपट उडाले. किती वेळ धरून ठेवलं होतं देवाला ठाऊक.
मी पदर घेतला. घाई न करता.
सुमनबाई उद्या बैठकीत काय म्हणतील, सांगता येत नाही. यांचंही सांगता येत नाही.
पण निघताना दादा पाठमोरेच म्हणाले, "केळीवरतून चालई का ते?"
या वेळी 'तिले इचार' नव्हतं. हे आणि सुमनबाई पाण्याची कॅन घेऊन पार गाडीपाशी पोचले होते. मी म्हटलं, चालई, पन वारा देखनं पडी.
आत्ता लिहिताना आठवतंय. हे तर तिथं नव्हतेच. मग मी बोलले कोणाशी?